लॅमेटा थर: चंद्रपूरच्या शेतांतली डायनासोरची हाडं, शेणाचे गोटे आणि अंडी – ओळख, नोंद, जतन

तळखडक

वरोरा तालुक्यातलं पिसदुरा आणि डोंगरगाव, नागपूर जिल्ह्यातलं नांद, अमरावतीच्या सीमेवरचं सालबर्डी. डायनासोरच्या संशोधनात ही गावं वारंवार येतात आणि चारही ठिकाणी खडक एकच आहे: लॅमेटा. जबलपूरजवळ नर्मदेवर लम्हेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडलं. वय साधारण ७ कोटी ते ६.६ कोटी वर्षं, म्हणजे क्रिटेशस युगाचा शेवटचा टप्पा. दख्खनचा लाव्हा या थरावर पसरला आणि तो त्याखाली झाकला गेला. आज तो उघडा दिसतो तो फक्त बेसाल्टच्या कडेकडेने, नद्यानाल्यांनी वरचा काळा पाषाण कापून काढला आहे तिथे.

म्हणून शोधायची रीत वरून खाली. आधी बेसाल्टचा तळ गाठा. संपर्काच्या रेषेवर बऱ्याचदा लाव्ह्याने भाजलेल्या मातीचा विटकरी पट्टा असतो. त्याखाली लाल किंवा हिरवट चिकणमाती, मधे वालुकाश्माचे पातळ पट्टे आणि मातकट, गाठीगाठींची चुनखडी दिसली, तर बहुधा तुम्ही लॅमेटावर उभे आहात. त्याच्याही खाली गोंडवन किंवा आणखी जुने खडक येतात.

पुस्तकात जबलपूरची पाच थरांची चवड दिलेली असते: तळाला हिरवा वालुकाश्म, मग खालची चुनखडी, ठिपक्याठिपक्यांचा गाठाळ थर, वरची चुनखडी, वरचा वालुकाश्म. ही चवड चंद्रपुरात शोधत बसू नका. नांद-डोंगरगाव हे वेगळं खोरं होतं. इथे थर पातळ आहे, मातीचं प्रमाण जास्त आहे, आणि शंभर पावलांवर त्याचं रूप बदलतं.

धागा काढायचं कारण: उन्हाळ्यात नांगरणी झाली की 'शेतात डायनासोरचं अंडं सापडलं' असे फोटो फिरू लागतात. दगड उचललेला असतो, धुतलेला असतो, कधी फोडलेलाही असतो. पण तो कुठल्या थरातून आला ते कुणाला सांगता येत नाही. त्या माहितीशिवाय खरं अंडंसुद्धा निम्मं वाया जातं. ओळख आणि नोंद या दोन्हींबद्दल जाणकारांनी इथे लिहावं.

गारगोटी

अंड्यांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. आपल्या भागात अंड्यासारखे दिसणारे चार प्रकारचे दगड मिळतात.

बेसाल्टचे गोल गोटे. याला कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. खाली आणखी पापुद्रा, मग आणखी, आणि गाभा काळा, टणक. खऱ्या अंड्याला कवच एकच असतं.

चुनकंकर, म्हणजे मातीत चुना साठून झालेल्या गाठी. यांनी सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण अंडी ज्या थरात असतात त्याच थरात हेही असतात. आकार वेडावाकडा, पृष्ठभाग खडबडीत पण कसल्याही नेमाशिवाय.

गारेचे पोकळ गोटे. फोडल्यावर आत स्फटिक. आणि चौथे नदीतले झिजलेले गोटे, त्यांच्याबद्दल फार सांगायला नको.

लॅमेटातलं खरं अंडं बहुतेक वेळा १२ ते २० सेंमी व्यासाचं, जवळजवळ गोल असतं. अख्खं क्वचित मिळतं. बहुधा खडकाच्या पृष्ठभागावर कवचाची गोल किंवा अर्धगोल कड दिसते, काळपट किंवा तपकिरी रेघेसारखी. त्या रेघेची जाडी मोजा. मेगालूलिथस या अंड्यांच्या गटात ती साधारण १ ते अडीच मिमी भरते आणि, हे महत्त्वाचं, सगळीकडे जवळपास सारखी राहते. चुनकंकरावरची साल एका जागी अर्धा मिमी, तर दुसऱ्या जागी ५ मिमी असते.

मग दहापट भिंग काढा. कवचाच्या बाहेरच्या बाजूवर खसखशीपासून राजगिऱ्याएवढे दाणे उठलेले दिसतात. तुटलेल्या कडेवर बारीक उभे खांब दिसतात, आत अरुंद आणि बाहेर रुंद, उघडलेल्या पंख्यासारखे. दाणे आणि पंखे दोन्ही दिसले तर पुढे हात लावायचं थांबवा आणि नोंद सुरू करा.

चाळणी

गारगोटी यांच्या यादीत एक भर घालायलाच हवी. पुष्कळ जण आम्ल टाकून पाहतात: 'फसफसलं, म्हणजे अंडं'. ही कसोटी चुकीची आहे. कवच कॅल्साइटचं, चुनकंकरही कॅल्साइटचा. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात दोन्ही सारखेच फसफसतात. आम्लाने फक्त बेसाल्ट आणि गार बाजूला काढता येतात. शिवाय आम्ल कवचाचा पृष्ठभाग खातं, आणि ओळखीसाठी लागणारे दाणे तिथेच असतात. संग्रहालयात नेऊन देण्याआधी लोकांनी घरच्या संडास साफ करायच्या आम्लाने नमुना 'स्वच्छ' केला, की त्यातून काही वाचता येत नाही.

खात्रीसाठी पातळ काप लागतो. कवचाचा नखाएवढा तुकडा राळेत बसवून ०.०३ मिमीपर्यंत घासायचा आणि ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. खांब एकमेकांपासून सुटे दिसले तर मेगालूलिथस, शेजारचे खांब एकमेकांत मिसळलेले दिसले तर फ्युजिऊलिथस. काप उभा, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात हवा. तिरका काप घेतला तर जाडी वाढून दिसते आणि सुटे खांबही मिसळल्यासारखे भासतात. चुकीच्या नावांचं हे एक नेहमीचं कारण आहे.

ही नावं अंड्याची आहेत, प्राण्याची नाहीत. कवचाच्या रचनेवरून हे टायटनोसॉर (लांब मानेचे, झाडपाला खाणारे मोठे डायनासोर) गटाचं, एवढंच म्हणता येतं. आत भ्रूणाची हाडं मिळाल्याशिवाय कुठल्या जातीचं ते ठरत नाही.

वर्धाकाठ

पिसदुऱ्याबद्दल लिहितो. इथे अंड्यांपेक्षा शेणाचे गोटे प्रसिद्ध, म्हणजे अश्मीभूत विष्ठा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं) यांनी १८६० च्या आसपास इथले जीवाश्म जमवले होते. पुढे भूशास्त्रज्ञ चार्ल्स मॅटले यांनी १९३९ मध्ये या गोट्यांवर स्वतंत्र लेख लिहून त्यांचे गट पाडले; 'अ' गटातले गोटे आकाराने सगळ्यात मोठे, काही नमुने मुठीहून बरेच मोठे.

ओळखायच्या खुणा: एक टोक निमुळतं, मधे आवळल्यासारख्या खाचा, पृष्ठभागावर वळ्या. ओली माती हाताने दाबल्यावर जशी दिसते तसं. तुटलेल्या बाजूवर थर दिसत नाहीत. चुनकंकराला टोक नसतं आणि खाचा नसतात. काही लहान गोट्यांवर मळसूत्रासारखी घडी दिसते, ती माशांच्या आतड्याची खूण आहे. डायनासोरच्या नावावर घालू नका.

आता अडचणीची बाजू. पिसदुऱ्याचे बरेचसे नमुने शेताच्या पृष्ठभागावर सुटे मिळतात. वरची लाल माती पावसाने वाहते, जड गोटे मागे उरतात, नांगर त्यांना आणखी इकडेतिकडे करतो. म्हणजे एकाच वाफ्यातले हाड, कासवाच्या पाठीचा तुकडा आणि विष्ठेचा गोटा एकाच थरातले असतीलच असं नाही. म्हणून सुट्या नमुन्याच्या चिठ्ठीवर 'पृष्ठभागावर, सुटा' असं स्पष्ट लिहायचं. थरातून काढलेल्याला 'जागेवर' लिहायचं. हे दोन शब्द चुकले तर पुढचं सगळं चुकतं.

जायचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यानंतर नवे नमुने उघडे पडलेले असतात आणि पीक निघालेलं शेत पाहता येतं. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नये, आणि उभ्या कापशीत तर मुळीच नाही.

मृदगंध

प्रश्न: याच शेणात गवत सापडलं, असं वाचलं होतं. पण त्या काळात गवत नव्हतं ना? आणि आत्ताचं गवत मिसळलं नाही कशावरून?

चाळणी

@मृदगंध, नेमका तोच प्रश्न संशोधकांना सोडवावा लागला. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांचा लेख आला. पिसदुऱ्याच्या विष्ठेत गवताचे सिलिकाकण मिळाले, आणि निदान पाच वेगवेगळ्या प्रकारच्या गवतांचे. तोवर गवताचा खात्रीचा पुरावा डायनासोरनंतरच्या काळातला मानत. २०११ मध्ये त्याच गटाने त्यांतले काही कण भाताच्या कुळाशी जोडले.

गवताच्या पेशीत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात. त्यांचा आकार कुळागणिक वेगळा असतो आणि ते कुजत नाहीत. काढायची पद्धत ढोबळमानाने अशी: गोट्याची बाहेरची साल पूर्ण घासून टाकायची, कारण भेगांत आजची माती आणि आजच्या गवताचे कण शिरलेले असतात. आतला गाभा भरडायचा. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना घालवायचा, मग नायट्रिक आम्लाने सेंद्रिय भाग. उरलेला गाळ सोडियम पॉलिटंगस्टेटच्या साधारण २.३ घनतेच्या द्रावात फिरवायचा, सिलिकाकण तरंगतात, क्वार्ट्झची रेती (घनता २.६५) तळाला बसते. वरचे कण उचलून काचपट्टीवर घ्यायचे.

आणि जोडीला सभोवतालच्या मातीचा नमुनाही तसाच काढायचा. विष्ठेत आहे ते मातीतही तेवढंच असेल, तर तो पोटातला घास ठरत नाही. हा जोडनमुना नसेल तर निकालावर विश्वास ठेवू नये.

ही विष्ठा टायटनोसॉरची, हे मात्र अनुमान आहे: त्याच थरात त्याची हाडं मिळतात, गोटे मोठे आहेत, आत वनस्पती आहेत. अनुमान चांगलं आहे, पण विष्ठेवर मालकाचं नाव नसतं.

तळखडक

> 'पृष्ठभागावर, सुटा' असं स्पष्ट लिहायचं

वर्धाकाठ यांच्या या मुद्द्याला लॅमेटाच्या इतिहासातलीच उदाहरणं देतो.

जबलपूरला बारा सिमला टेकडीवर १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना हाडं मिळाली. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध झालेले तेच स्लीमन. भारतातली डायनासोरची ही पहिली नोंद. त्यांतल्या शेपटीच्या मणक्यांवरून जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लायडेकरने १८७७ मध्ये टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. मणके सुटे, बाकी सांगाडा नाही. तसेच मणके पुढे कितीतरी जातींत आढळले आणि २००३ मध्ये ते नाव वैज्ञानिकदृष्ट्या निरुपयोगी ठरलं. ते मणके स्वतः अनेक दशकं हरवलेले होते. २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्याच्या संग्रहात पुन्हा ओळखू आले. जुनी चित्रं आणि वर्णनं नीट होती, म्हणूनच.

उलट उदाहरण डोंगरगावचं. तिथे १९८० च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या चमूला एकाच प्राण्याची बरीच हाडं एकत्र मिळाली: मणके, खांदा, पुढचा पाय, कमरेची हाडं. डोकं नव्हतं. तरी कुठलं हाड कुठल्या हाडाशेजारी होतं याची नोंद होती. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि २००३ मध्ये त्याला आयसिसॉरस कोलबर्टी हे नाव मिळालं. 'आयसि' म्हणजे त्या संस्थेची आद्याक्षरं. भारतातल्या टायटनोसॉरांत सगळ्यात नीट कळलेला प्राणी आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला आहे, आणि तो तसा आहे कारण हाडांची एकमेकांशी असलेली जागा जपली गेली.

छिन्नी_हातोडा

काढणीबद्दल. आधी स्पष्ट करतो: हे परवानगी असलेल्या चमूने करायचं काम आहे. खाली लिहितोय ते विद्यार्थ्यांसाठी, आणि 'एवढं काय अवघड आहे, कुदळीने काढू' असं वाटणाऱ्यांसाठी.

लॅमेटाची चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की तडकते. हाड तिच्यात घट्ट बसलेलं असतं आणि तिच्याबरोबरच फुटतं. म्हणून उघडं केलेलं हाड उन्हात सोडू नये. वर ओलसर गोणपाट आणि सावली ठेवून हळूहळू वाळवायचं. भर दुपारी दोन तासांत वाळलेलं हाड संध्याकाळी तुकड्यांत मिळतं.

हाड वाळल्यावरच मजबुती द्यायची. पॅरालॉइड बी-७२ (एक अ‍ॅक्रिलिक राळ) हे अ‍ॅसिटोनमध्ये साधारण ५ टक्के विरघळवून थेंबाथेंबाने सोडायचं, आत मुरेपर्यंत. ओल्या हाडावर टाकलं तर पांढरा पापुद्रा धरतो आणि आत काहीच जात नाही. तुटलेले भाग जोडायला तेच द्रावण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत घट्ट करून वापरायचं.

मग भोवती खणून हाड मातीच्या उंचवट्यावर ठेवायचं, अळंबीसारखं. हाडावर ओल्या टिश्यूचे किंवा वर्तमानपत्राचे तीन-चार थर. हे विसरलं तर प्लास्टर हाडाला चिकटतं आणि काढताना पृष्ठभाग सोलून नेतं. गोणपाटाच्या ८ ते १० सेंमी रुंद पट्ट्या आधी पाण्यात भिजवून पिळून घ्या, कोरड्या असतील तर प्लास्टरमधलं पाणी शोषतात. प्लास्टर नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी प्लास्टरवर नाही. पाण्याच्या वर पुडीची बेटं दिसू लागली की थांबायचं, मिनिटभर मुरू द्यायचं आणि मग ढवळायचं. पट्ट्यांचे तीन-चार थर एकमेकांना आडवे-उभे. मोठ्या नमुन्याला बांबू किंवा सळी आधाराला.

प्लास्टर अर्ध्या तासात धरतं, पण लगेच उलटू नका. हात लावल्यावर गरम लागायचं थांबलं पाहिजे. खालचा देठ कापून एका झटक्यात पलटायचं, मग खालची बाजूही तशीच बंद करायची. प्लास्टरवर पलटण्याआधीच उत्तर दिशेचा बाण, नमुना क्रमांक आणि 'वरची बाजू' लिहून ठेवा. पलटल्यावर वर कुठलं हे कुणालाही खात्रीने आठवत नाही.

मृदगंध

पॅरालॉइड मिळालं नाही तर फेव्हिकॉल चालेल का?

छिन्नी_हातोडा

नाही. त्यात पाणी असतं, आणि पाण्याने हाडाच्या भेगांतली माती फुगते. वरवर घट्ट थर बसतो, आत हाड भुगाच राहतं. नंतर काढायचं म्हटलं तर तेही नीट सुटत नाही. झटपट चिकटणारा सायनो गोंदही मोठ्या तुकड्यांना लावू नका; पॅरालॉइड अ‍ॅसिटोनने सहज परत सुटतं, तसा तो सुटत नाही. काहीच मिळालं नाही तर काहीच लावू नका, पुन्हा मातीने झाका आणि कळवा.

चाळणी

मोठ्या हाडांच्या नादात बारीक जीवाश्म दुर्लक्षित राहतात, म्हणून थोडक्यात. १० ते २० किलो चिकणमाती थरातून, एकाच पातळीवरून घ्या. पूर्ण वाळवा. अर्धवट ओली माती पाण्यात विरघळत नाही, ढेकूळच राहतं. वाळलेली माती रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची, रॉकेल ओतून काढायचं आणि मग पाणी घालायचं. ढेकळं आपोआप फुटतात. एकावर एक चाळण्या: वर १ मिमीची, मधे ०.५, खाली ०.२५ किंवा त्याहून बारीक. पाण्याची धार हळू ठेवा आणि बोटांनी चोळू नका, दात मोडतात.

उरलेल्या चाळात माशांचे चकचकीत चौकोनी खवले, दात, कवचाचे तुकडे, शिंपाधारी ऑस्ट्रॅकॉड (बारीक जलजीव), आणि खालच्या चाळणीत कॅरा शेवाळाची वळणदार बीजं मिळतात. गोड्या पाण्याचा पुरावा यांतूनच आला. ऐंशीच्या दशकात लॅमेटा हा किनाऱ्यावरचा सागरी थर आहे असाही एक पक्ष होता. आता नदी, तळी आणि कोरड्या-ओल्या ऋतूंत तयार झालेली चुनखडीची माती, हे चित्र सर्वसाधारणपणे मान्य आहे.

आणखी एक सावधगिरी. हाडाभोवतीचा चुनखडक काढायला प्रयोगशाळेत पातळ अ‍ॅसेटिक आम्ल वापरतात. हाड फॉस्फेटचं असल्याने टिकतं. पण त्याच दगडात अंड्याचं कवच असेल तर ते विरघळून जाईल. आधी दगड सगळ्या बाजूंनी भिंगाखाली पाहा.

गारगोटी

कवच आणि हाड एकाच दगडात असू शकतं याचं लॅमेटामधलं सगळ्यात मोठं उदाहरण गुजरातचं आहे. ढोली डुंगरी इथे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात अंड्यांचा एक दगड मिळाला, त्यात लहान हाडंही होती. ती पिल्लाची मानली गेली. २००१ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांनी त्यांतले मणके सापाचे आहेत हे ओळखलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालं: घरट्यात अंड्याभोवती वेटोळं घातलेला सुमारे साडेतीन मीटरचा साप, सनाजेह इंडिकस, आणि शेजारी नुकतंच बाहेर आलेलं टायटनोसॉरचं पिल्लू. अंडं 'मोकळं' करायला तो दगड कुणी फोडला असता तर साप खडीत गेला असता.

म्हणून घरट्याचं अंडं सुटं काढू नये. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास आला. घरटी किती जवळजवळ होती, त्यात अंडी किती आणि कशी मांडलेली होती, हे सगळं अंडी जागेवर होती म्हणून कळलं.

वर्धाकाठ

'मग कळवायचं कुणाला' हे पुढे येईलच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय नागपूरला सेमिनरी हिल्सवर आहे. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांत भूशास्त्राचे विभाग आहेत. जमीन वनखात्याची असेल तर आधी वनखातं. भूवारशाच्या जतनासाठी केंद्राने २०२२ च्या डिसेंबरात कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, पण कायद्याची वाट न पाहताही शेतमालकाला विश्वासात घेता येतं. आपली जमीन जाईल या भीतीने कितीतरी गोटे विहिरीत टाकले जातात. त्यांच्याशी बोलताना 'खोदणार' हा शब्द सगळ्यात शेवटी यावा.

मृदगंध

शेवटचा प्रश्न. माझ्यासारख्याकडे फक्त मोबाइल आहे. बांधाच्या कापात कवचाची रेघ दिसली तर नेमकं काय काय टिपायचं?

तळखडक

पहिला फोटो लांबून, बांध आणि मागचं झाड किंवा विहीर दिसेल असा, म्हणजे जागा पुन्हा सापडेल. दुसरा दोन-तीन पावलांवरून, थर दिसतील असा. तिसरा जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. पट्टी कवचाच्याच पातळीवर हवी, पुढे-मागे असली तर माप चुकतं. नाणं ठेवू नका, नाण्यांचे आकार बदलत आले आहेत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना घ्या, दाणे उठून दिसतात. डोक्यावरच्या उन्हात पृष्ठभाग सपाट वाटतो.

अक्षांश-रेखांश दशांशात, निदान पाच अंकांपर्यंत, आणि ते कागदावरही लिहा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेल्या फोटोतून जागेची माहिती गळून जाते. बेसाल्टचा तळ दिसत असेल तर तिथून रेघ किती मीटर खाली आहे ते दोरीने मोजा. तळ दिसत नसेल तर 'दिसत नाही' असं लिहा, अंदाज नको. थराचा रंग, माती की चुनखडी, आसपास कवचाचे आणखी किती तुकडे आणि किती अंतरात, एवढं पुरे. मग बांधाची सुटलेली माती हाताने रेघेवर परत थापा आणि वर दोन सपाट दगड ठेवा, पहिल्या पावसापर्यंत तेवढं टिकतं.